नाही म्हणायची सोय

कुठलंही पान उघडलं की मजकुराच्या आधी चौकट येते. ‘तुमचा खासगीपणा आम्हाला महत्त्वाचा वाटतो’ अशी तिची सुरुवात असते. खाली दोन-तीन ओळींत कुकी, म्हणजे वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी, ठेवायची परवानगी मागितलेली, आणि त्याखाली बटणं. होकाराचं बटण ठसठशीत, रंगीत, बरोबर अंगठ्याखाली येईल असं. नकाराचं फिकट अक्षरांत, किंवा ‘पर्याय पाहा’ असल्या नावाआड, किंवा मुळात नाहीच. आपण काहीतरी वाचायला आलेलो असतो. घाई असते. रंगीत बटण दाबून आपण पुढे सरकतो आणि मनात म्हणतो, काय हा युरोपचा कायदा, साऱ्या जगाच्या डोक्याला ताप!

हा वैताग मी अनेकांच्या तोंडून ऐकते. संगणकातलं कळणाऱ्यांच्या तोंडून तर जास्तच. राग खरा आहे, पण त्याचा पत्ता चुकलाय. चौकट दाखवा असं त्या कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. नियमाचा गाभा एवढाच आहे: माणसाच्या फोनमध्ये किंवा संगणकात काही ठेवायचं असेल, किंवा तिथलं काही वाचून घ्यायचं असेल, तर आधी त्याला विचारा. त्याने स्वतः मागितलेली सेवा देण्यासाठी जे लागतंच, त्याला ही अट नाही. लॉग-इन टिकवणारी कुकी, खरेदीची यादी लक्षात ठेवणारी कुकी, यांच्यासाठी कुणाची परवानगी मागावी लागत नाही. ज्या वेबसाइटला वाचकाच्या मागावर राहायचं नाही, तिला चौकट लावायचंही कारण नाही. २०२०च्या डिसेंबरात गिटहबने हे करून दाखवलं. अनावश्यक कुकी सगळ्या काढून टाकल्या आणि त्यांच्याबरोबर चौकटही काढून टाकली. जगभरचे प्रोग्रॅमर रोज वापरतात अशी ती वेबसाइट. तिचं काही अडलं नाही.

त्यामुळे चौकट दिसली की मी तिचा अर्थ असा लावते: इथे कुणाला तरी माझ्यावर पाळत ठेवायची आहे, आणि ते बोलून दाखवायला कायद्याने त्याला भाग पाडलंय. बोलून दाखवायचं कसं, हे मात्र त्याचं त्याने ठरवलंय.

कुकी ही मुळात वाईट चीज नव्हे. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या लू मोंटुली या तरुण प्रोग्रॅमरने ती काढली. वेबची अडचण अशी होती की सर्व्हरच्या, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या संगणकाच्या, लक्षात काही राहतच नसे. एक पान मागितलं, मिळालं, विषय संपला. पुढचं पान मागणारा तोच माणूस आहे की दुसरा कुणी, हे कळायला मार्ग नव्हता. एमसीआय या अमेरिकी दूरसंचार कंपनीला ऑनलाइन दुकान थाटायचं होतं, पण गिऱ्हाइकांचे अर्धवट राहिलेले व्यवहार आपल्या सर्व्हरवर साठवून ठेवायचे नव्हते. मोंटुलीने तोड काढली ती अशी, की सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी ब्राउझरकडेच ठेवायला द्यावी आणि पुढच्या खेपेला ब्राउझरने ती परत दाखवावी.

प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा ओळखक्रमांक देऊन टाकणं याहून सोपं होतं. तो मार्ग मोंटुलीने जाणूनबुजून टाळला. एकच क्रमांक सगळीकडे दिसला असता तर माणूस कुठून कुठे गेला हे कुणीही जुळवून काढलं असतं. म्हणून नियम असा केला, की चिठ्ठी ज्याने दिली त्यालाच ती परत दिसेल. मला याचं फार अप्रूप वाटतं. खासगीपणा ही पुढे कधीतरी कुणा कायदेपंडिताला सुचलेली गोष्ट नाही. कुकी घडवणाऱ्याच्या डोक्यात तो पहिल्या दिवसापासून होता.

फट राहिली ती दुसरीकडे. एका पानावर भलत्याच सर्व्हरवरचं चित्र लावता येतं, आणि तो सर्व्हरही आपली चिठ्ठी ब्राउझरकडे देऊ शकतो. तुम्ही बातम्या वाचता, पानाच्या कोपऱ्यात एका जाहिरात कंपनीचं चित्र असतं, तिची चिठ्ठी तुमच्याकडे येते. दुसऱ्या दिवशी एखाद्या औषधाची माहिती शोधता, तिथेही त्याच कंपनीचं चित्र असतं, आणि कालची चिठ्ठी तिला परत दिसते. बातम्या वाचणारा आणि औषध शोधणारा माणूस एकच, हे तिला कळलं. तुम्ही त्या कंपनीचं नावही ऐकलेलं नसतं. १९९६ साली सुरू झालेल्या डबलक्लिक या जाहिरात कंपनीने याच युक्तीवर धंदा उभारला. पुढे तिने ॲबॅकस ही लोकांच्या खरेदीच्या नावनिशीवार नोंदी ठेवणारी कंपनी घेतली आणि दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींना जोडायचा बेत आखला. ओरड झाली, ग्राहकांचं हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी सुरू केली, आणि २०००च्या मार्चमध्ये बेत गुंडाळावा लागला. नंतर ती कंपनी गूगलच्या ताब्यात गेली.

ही फट कुणाच्या लक्षात आली नव्हती असंही नाही. १९९७च्या फेब्रुवारीत कुकींचं पहिलं तांत्रिक मानक निघालं, डेव्हिड क्रिस्टोल आणि मोंटुली यांच्या नावाने. अशा परक्या सर्व्हरच्या कुकी ब्राउझरने घेऊ नयेत, आणि वापरणाऱ्याला मुभा द्यायचीच असेल तर मूळ सेटिंग नकाराचंच असावं, असं त्यात स्पष्ट होतं. त्या वेळच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरनी तेवढा भाग बाजूला ठेवला. सफारीने परक्या कुकी सरसकट बंद केल्या त्या २०२०च्या मार्चमध्ये. क्रोमने त्याच वर्षी दोन वर्षांत बंद करतो म्हणून सांगितलं, मग तारीख पुढे ढकलत ढकलत शेवटी बेतच सोडून दिला. १९९७ साली ते एक वाक्य पाळलं गेलं असतं तर आजच्या चौकटींपैकी बहुतेक चौकटी जन्मालाच आल्या नसत्या, असं मला वाटतं. सोपा उपाय पहिल्यांदा सुचला होता, लिहूनही झाला होता, आणि मग त्याच्या डोक्यावर एवढा मोठा धंदा उभा राहिला की तो उपाय अवघड होऊन बसला.

कायद्याची वाट थोडक्यात सांगते. २००२ साली युरोपीय संघाचा ई-प्रायव्हसी निर्देश आला. त्यात माहिती द्या आणि नकाराची संधी द्या, एवढंच होतं. २००९च्या दुरुस्तीने क्रम बदलला: आधी संमती, मग कुकी. संमती म्हणायचं कशाला, हे जीडीपीआर या युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्याने बांधून दिलं, आणि तो २५ मे २०१८पासून लागू झाला. संमती मोकळ्या मनाने दिलेली हवी, नेमक्या कामापुरती हवी, काय चाललंय ते समजून दिलेली हवी आणि स्पष्ट कृतीतून दिसायला हवी. देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. २०१९च्या ऑक्टोबरात युरोपीय न्यायालयाने प्लॅनेट४९ या कंपनीच्या खटल्यात सांगून टाकलं, की चौकोनात आधीच टिक करून ठेवलेली संमती ही संमतीच नव्हे. ब्राझील, कॅलिफोर्निया, भारत अशा अनेक ठिकाणी पुढे आपापले कायदे झाले. कागदावर हे सगळं उत्तम आहे. मी जीडीपीआरमधली संमतीची व्याख्या पहिल्यांदा वाचली तेव्हा खरोखर आनंद झाला होता. इतक्या थोड्या शब्दांत माणसाची इतकी कदर कायद्याच्या भाषेत क्वचित सापडते.

आता चौकट जवळून पाहू. एकदा मी ठरवून बसले आणि अशी एक चौकट तळापर्यंत उघडत गेले. ‘पर्याय पाहा’ दाबलं की दुसरी चौकट येते. तिच्यात उद्देशांची यादी: उपकरणावर माहिती साठवणं, निवडक जाहिराती दाखवणं, तुमच्या आवडीनिवडींची नोंद तयार करणं, जाहिरातीचा परिणाम मोजणं. प्रत्येकापुढे एक खटका, आणि सगळे खटके बंद. वाटलं, चला, इथे तरी प्रामाणिकपणा आहे. मग लक्षात आलं, शेजारी आणखी एक रकाना आहे, ‘लेजिटिमेट इंटरेस्ट’ नावाचा. तुम्ही परवानगी दिली नाही तरी हे करायचा आमचा वाजवी हक्क आहे, असा तो दावा. उद्देश जवळजवळ तेच, फक्त तिथले खटके सगळे चालू. एकेक करून बंद करत जायचं.

त्याच्या खाली दोन खास परवानग्या होत्या. एक, तुमचं नेमकं ठिकाण वापरण्याची. दुसरी, उपकरणाचे गुणधर्म तपासून त्यावरून ओळख पटवण्याची. ही दुसरी नीट समजून घेण्यासारखी आहे. स्क्रीनचा आकार, बसवलेले फॉन्ट, ब्राउझरची आवृत्ती, वेळेचं सेटिंग असे तुकडे जोडले की बहुतेक उपकरणं गर्दीतून वेगळी काढता येतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१० साली हे तपासलं तेव्हा त्यांच्याकडे आलेल्या ब्राउझरपैकी ८३.६ टक्के एकमेव निघाले होते. म्हणजे कुकी पुसून टाकल्या तरी माग काढणं थांबेलच असं नाही.

आणि मग भागीदार. वर्णानुक्रमे लावलेली कंपन्यांची नावं, शेकड्यांनी. प्रत्येक नाव उघडलं की आत तिच्या धोरणाची लिंक, ती काय काय गोळा करणार त्याची यादी, आणि कुकीचं आयुष्य दिवसांत: कुणाचं ३६५, कुणाचं ७३०. मी त्यातली नावं वाचत गेले. एकही ओळखीचं निघालं नाही. यातल्या कुणाकडून मी काही घेतलं नव्हतं, कुणाच्या दारात गेले नव्हते, आणि तरी वर्ष-दोन वर्षं माझ्याबरोबर राहायची तयारी करून सगळे बसले होते. सगळं बंद करून खाली आले तर तिथे पुन्हा तेच रंगीत बटण, ‘सर्व मान्य’. ‘माझी निवड जतन करा’ त्याच्या बाजूला, राखाडी अक्षरांत. इतका वेळ घालवल्यावरही बोट सवयीने रंगाकडेच जातं.

ही यादी एवढी लांब का, तर पान उघडतं त्या क्षणी त्यावरच्या मोकळ्या जागेचा लिलाव होतो. आपण पाहत असलेल्या पानाचा पत्ता, उपकरण, अंदाजे किंवा नेमकं ठिकाण, एखादा ओळखक्रमांक असं सगळं बोली लावणाऱ्या कंपन्यांकडे जातं, आणि सेकंदाचा जेमतेम दहावा हिस्सा उलटायच्या आत बोली लागून जाहिरात दिसते. लिलाव जिंकते एकच कंपनी. माहिती मात्र बोलीसाठी बोलावलेल्या सगळ्यांकडे पोचलेली असते, हरलेल्यांकडेसुद्धा. तिचं त्यांनी पुढे काय केलं हे पाहायला कुणीही बसलेलं नाही.

याने नुकसान काय होतं, असं विचारणारे भेटतात. माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे, म्हणतात. मला लपवणं हा शब्दच इथे गैरलागू वाटतो. आपण कुणाला काय सांगायचं ते ठरवत असतो, एवढंच. मध्यंतरी एका दुखण्याची शंका आली म्हणून मी रात्री त्याबद्दल वाचत होते. घरात कुणालाच बोलले नव्हते. तपासणी झाली की सांगू, असं मनाशी ठरवलं होतं. दोन-तीन दिवसांनी भाऊ शेजारी बसला होता, मी त्याला फोनवर एक बातमी दाखवत होते, आणि बातमीच्या मधोमध त्याच दुखण्याच्या उपचाराची जाहिरात. त्याने जाहिरातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलला नाही. तपासणीत काही निघालं नाही, पण ती गोष्ट त्याला कधी आणि कशी सांगायची हे ठरवायचा हक्क माझा होता, आणि तो माझ्या हातून कुणीतरी काढून घेतला.

याहून वाईट घडलेलं आहे. २०२१ साली अमेरिकेत एका वरिष्ठ कॅथलिक धर्मगुरूला पद सोडावं लागलं. एका वृत्तपत्रिकेने बाजारात विकत मिळणारी ॲपची ठिकाण-माहिती मिळवली, त्यातला एक फोन त्यांच्या राहत्या जागी आणि कार्यालयात सतत दिसतो हे जुळवलं, आणि तो फोन कुठले ॲप वापरतो, कुठे कुठे जातो ते छापून टाकलं. त्या माहितीत नाव नव्हतं. नावाची गरजच पडली नाही. माणूस रात्री कुठे झोपतो आणि दिवसा कुठे बसतो एवढ्यावरून नाव काढता येतं. २०२३ साली बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला फेडरल ट्रेड कमिशनबरोबरच्या तडजोडीत ७८ लाख डॉलर द्यावे लागले. मन मोकळं करायला आलेल्या लोकांचे ई-मेल पत्ते आणि त्यांनी भरलेल्या प्रश्नावलीतली माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांकडे गेल्याचा आरोप होता. हे वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. समुपदेशकाकडे जाण्याआधी माणूस स्वतःशी किती झगडलेला असतो!

बटणांकडे परत येते, कारण माझं खरं भांडण तिथे आहे. एका संध्याकाळी आई फोनवर काही वाचत होती. मला हाक मारून म्हणाली, “अगं, हे बघ गं, काहीतरी विचारतंय. हो म्हणू का?”

“नको म्हण,” मी म्हटलं.

“नको म्हणायचं कुठाय इथे?” तिने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग म्हणाली, “आणि नको म्हटलं तर बंद पडेल ना हे? वाचायचंय मला.”

मी तिला नकाराचं बटण शोधून दिलं. पण तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तिला कुकी म्हणजे काय हे ठाऊक नाही, आणि ठाऊक असायची गरजही नाही. तिला एवढंच कळलं होतं की समोर एक दार आहे आणि हो म्हटल्याशिवाय ते उघडणार नाही. चौकट बनवणाऱ्याला तिने नेमकं हेच समजायला हवं होतं. ‘मोकळ्या मनाने दिलेली संमती’ असं जे कायद्यात लिहिलंय, त्यापासून हे किती लांब आहे! तिच्या ‘हो’ची नोंद कुठल्याशा सर्व्हरवर वेळेसकट झाली असती, आणि उद्या कुणी विचारलं तर तीच पुरावा म्हणून दाखवली गेली असती.

हे आपोआप घडत नाही. २०२० साली काही संशोधकांनी ब्रिटनमधल्या मोठ्या वेबसाइटवरच्या चौकटी तपासल्या. युरोपच्या कायद्याच्या किमान अटी पाळणाऱ्या निघाल्या ११.८ टक्के. त्याच अभ्यासात असं दिसलं, की पहिल्याच पडद्यावरचं नकाराचं बटण काढून टाकलं तर शंभर माणसांमागे २२ ते २३ होकार वाढतात. माणसं तीच, प्रश्न तोच, फक्त एक बटण एक पायरी आत सरकवलं. ज्या धंद्याला रोज कोट्यवधी लोकांवर असे प्रयोग करता येतात, त्याला हे आकडे संशोधकांच्या आधीपासून माहीत असणार याबद्दल मला शंका नाही.

लोकांना पाळत चालते, ते कंटाळून सही करतात ते त्यांच्या मर्जीनेच, असा युक्तिवाद केला जातो. त्याचं उत्तर २०२१च्या एप्रिलमध्ये मिळालं. ॲपलने आयफोनवर एक साधी चौकट आणली: हे ॲप इतर कंपन्यांच्या ॲपवर आणि वेबसाइटवर तुमचा माग काढू इच्छितं, काढू द्यायचा का? दोन बटणं, एकाच आकाराची, एकाखाली एक. पुढच्या फेब्रुवारीत फेसबुकच्या कंपनीने सांगितलं, की या बदलाने आपल्याला त्या वर्षात अंदाजे १,००० कोटी डॉलरचा फटका बसेल. ॲपलने हे परोपकार म्हणून केलं असं मी म्हणत नाही; तिचाही जाहिरातीचा व्यवसाय आहे, आणि ही चौकट ज्या तऱ्हेने राबवली त्याबद्दल फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२५ साली तिला १५ कोटी युरोंचा दंडही केला. पण सरळ भाषेत, सारख्या आकारात विचारलं तर लोक काय म्हणतात, ते त्या १,००० कोटींत दिसतं.

फ्रान्सचंच आणखी एक उदाहरण. तिथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने, म्हणजे क्निलने, २०२२च्या जानेवारीत गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. कारण एकच: होकार एका टिचकीत, नकाराला मात्र अनेक टिचक्या. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये गूगलने युरोपात ‘सर्व नाकारा’ हे बटण होकाराच्या शेजारी आणून ठेवायला सुरुवात केली. म्हणजे करता येत होतं. इतकी वर्षं केलं नव्हतं. कायदा निरुपयोगी आहे म्हणणाऱ्यांना मी हे बटण दाखवते.

मग मजकूर फुकट कसा मिळणार, हा प्रश्न उरतो, आणि तो रास्त आहे. लिहिणाऱ्यांची, बातमीदारांची पोटं जाहिरातींवर चालतात. पण जाहिरात आणि पाळत यांची गाठ कुणी देवाने बांधलेली नाही. पान कशाबद्दल आहे ते पाहून जाहिरात लावता येते, वाचणारा कोण आहे ते खोदून काढावं लागत नाही. नेदरलँड्समधल्या सार्वजनिक प्रसारणासाठी जाहिराती विकणाऱ्या स्टेर या संस्थेने २०२०च्या सुरुवातीला माग काढणाऱ्या कुकी पूर्ण सोडल्या. उत्पन्न घसरेल अशी भीती होती. पहिल्या महिन्यांत ते आदल्या वर्षीपेक्षा वाढलं. प्रत्येक वृत्तपत्राला हे जमेल असा माझा दावा नाही. जाहिरातदाराचा पैसा आणि वाचकाचं पान यांच्या मध्ये बसलेल्या शेकडो कंपन्यांचा वाटा मात्र त्यात वाचतो, हे उघड आहे.

उपाय काय, तर नकार एकदाच सांगता यायला हवा आणि तो सगळीकडे ऐकला जायला हवा. हे नवं नाही. २००९ साली डू नॉट ट्रॅक नावाची कल्पना पुढे आली. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एक खूण करायची, मग प्रत्येक पान मागताना ब्राउझर सांगणार की या माणसाचा माग काढू नका. चौकट नाही, यादी नाही. २०११पासून मोठ्या ब्राउझरमध्ये ती येत गेली. मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेत तिच्यावर वर्षानुवर्षं बैठका झाल्या. जाहिरात कंपन्यांनी ती मानली नाही, कारण मानायची सक्ती कुठेच नव्हती. मायक्रोसॉफ्टने ही खूण मुळातच चालू ठेवायचं ठरवलं तेव्हा तर त्यांना निमित्तच मिळालं: ही माणसाची निवड नाही, ब्राउझरची आहे, म्हणून आम्ही मानणार नाही. आधीच टिक केलेल्या होकारांवर जगणाऱ्यांनी हे म्हणावं, याचा मला आजही संताप येतो. २०१९च्या जानेवारीत तो कार्यगट बंद झाला.

तीच कल्पना २०२०मध्ये ग्लोबल प्रायव्हसी कंट्रोल या नावाने पुन्हा आली, आणि या वेळी तिच्या पाठीशी कायदा होता. माहिती विकू नका असा संकेत ब्राउझरने दिला तर तो मानणं कॅलिफोर्नियात सक्तीचं झालं. सेफोरा या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने तो मानला नाही, आणि २०२२च्या ऑगस्टमध्ये तिला १२ लाख डॉलर मोजावे लागले. २०२५ साली तिथे आणखी एक कायदा झाला: २०२७च्या जानेवारीपासून ब्राउझर बनवणाऱ्यांना ही सोय ब्राउझरमध्येच द्यावी लागेल. माझ्या ब्राउझरमध्ये ती चालू आहे, आईच्या फोनवरही मी ती चालू करून दिली आहे. जिथे कायदा नाही तिथे ती कुणी ऐकत नसेल, हे मला ठाऊक आहे. तरी प्रत्येक पानाबरोबर तिचा नकार जातो, आणि तिला काही शोधावं लागत नाही.

मात्र सगळा भार संमतीवरच टाकणं मला मान्य नाही. २००८ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या अलीशिया मॅक्डोनल्ड आणि लॉरी क्रेनर यांनी हिशोब केला होता, की एका अमेरिकी माणसाने भेट दिलेल्या प्रत्येक वेबसाइटचं गोपनीयता धोरण वाचायचं ठरवलं तर वर्षाला सुमारे २०० तास लागतील. तेव्हा वेब आजच्या मानाने लहान होतं. नोकरी, घर, मुलंबाळं सांभाळून एवढा वेळ कुणाकडे आहे? मनाच्या आजाराची प्रश्नावली, नेमक्या ठिकाणाची साखळी, लहान मुलांच्या सवयी, असल्या गोष्टी जाहिरातीच्या बाजारात विकायला बंदीच हवी, विचारून विकायचीही मुभा नको. तिथे नाही म्हणायची जबाबदारी थकलेल्या, घाईत असलेल्या एकेकट्या माणसावर ढकलणं अन्यायाचं आहे.

युरोपात आता नियमांची फेरमांडणी चालू आहे. ई-प्रायव्हसीचा नवा, कडक कायदा २०१७ साली मांडला गेला होता. तो आठ वर्षं रखडला आणि २०२५मध्ये युरोपीय आयोगाने तो मागे घ्यायचं ठरवलं. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला आयोगाने डिजिटल ओम्निबस नावाचा प्रस्ताव मांडला. त्यात चौकटींबद्दल चांगल्या गोष्टी आहेत: नकार एका टिचकीत, एकदा नकार दिला की सहा महिने पुन्हा विचारायचं नाही, आणि पुढे ब्राउझरमधून दिलेला संकेत मानायचा. वाचताना मला वाटलं, १९९७ सालचं ते वाक्य अखेर फिरून आलं.

पण त्यातच एक सूट आहे: ब्राउझरचा संकेत मानण्याचं बंधन प्रसारमाध्यमांवर नाही. कारण त्यांच्या उत्पन्नाचं दिलं जातं, आणि त्यांची अडचण खरी आहे हे मी वर म्हटलंच. तरीही ही सूट काढून टाकायला हवी. भागीदारांच्या सर्वांत लांब याद्या मला बातम्यांच्याच पानांवर दिसल्या आहेत. आणि माणूस कुठली बातमी उघडतो, कुठल्या अग्रलेखापाशी रेंगाळतो, कुठल्या पक्षाबद्दल पुन्हा पुन्हा वाचतो, यावरून त्याची मतं जितकी उघडी पडतात तितकी दुसऱ्या कशावरूनही पडत नाहीत. बूट विकणाऱ्या वेबसाइटने माझा नकार ऐकायचा आणि वृत्तपत्राने ऐकायचा नाही, हा क्रम उलटा झाला. वृत्तपत्रांना पैसे हवे असतील तर ते कुठून आणि कसे द्यायचे यावर उघड चर्चा व्हावी, त्यासाठी वर्गणी भरायला मी तयार आहे आणि भरतेही. वाचकाने ब्राउझरमधून दिलेला नकार मात्र तिथेही तितकाच बंधनकारक असायला हवा.